एक दांडा, तीन नावं

माझं इंग्रजी चांगलं आहे ही अफवा आमच्या हायस्कुलात उठली आणि पुढे ती कुणी खोडून काढली नाही. मी तर नाहीच नाही. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि बहुतेकांचं दहावीच्या पेपरबरोबर संपायचं. माझं टिकलं, कारण मला समानार्थी शब्द पाठ करायचा नाद लागला. दोनशेपानी वही होती. डावीकडे साधा शब्द, उजवीकडे त्याचे भारदस्त भाऊबंद. 'बिगिन'समोर 'कमेन्स' आणि 'इनिशिएट'. 'यूज'समोर 'युटिलाइज'. 'एंड'समोर 'टर्मिनेट'. सर सांगायचे, निबंधात एक शब्द दोनदा आला की समजावं, मुलाकडे दुसरा नाही. गरिबी चारचौघांत दिसू द्यायची नाही हे घरीही शिकवलेलं होतंच, त्यामुळे धडा दोन्हीकडून पक्का झाला.

नववीत गायीवर निबंध लिहिला. पहिल्या ओळीत गायीला 'काऊ' म्हटलं, तेवढंच. पुढे ती 'द क्वाड्रुपेड' झाली, मग 'द बोव्हाइन' आणि शेवटच्या परिच्छेदात 'द बेनिव्होलंट क्रीचर'. सरांनी निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मधल्या सुट्टीत शेजारच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, 'तुमच्याकडे एवढी जनावरं कधी आली रे?' मला त्याची कीव आली.

पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि भोसरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत चिकटलो. कंपनी पाऊच पॅकिंगची मशिनं बनवायची. वर हॉपरमध्ये मसाला ओतायचा, प्लॅस्टिक फिल्मचा रोल चढवायचा. मशीन पाऊच बनवतं, भरतं, सील करतं, कापतं. मशीन चांगलं होतं. त्याच्याबरोबर जाणारं मॅन्युअल मात्र झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून काळवंडलेलं. एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. 'तुझं इंग्रजी चांगलं आहे म्हणे.'

अफवा भोसरीपर्यंत पोचली होती.

कॉम्प्युटरवर वर्ड होतं आणि वर्डमध्ये शिफ्ट धरून एफ-सात दाबलं की कुठल्याही शब्दाची सगळी भावकी हजर होते. या भावकीचा मूळपुरुष पीटर मार्क रोजे. पेशानं डॉक्टर. अर्थानुसार शब्दांचे ढीग लावायचा त्याला छंद होता आणि 1852 साली, वयाच्या 73व्या वर्षी, त्यानं ते 'थिसॉरस' म्हणून छापले. लिहिणाऱ्याला नेमका शब्द सापडावा हा बिचाऱ्याचा हेतू. माझ्यासारखे लोक त्यातून नेमका तेवढा सोडून बाकीचे उचलतील हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. माझा वहीचा जमाना संपला आणि एफ-सातचा सुरू झाला.

आता, फिल्मचा रोल सैल करायला मशीनच्या डाव्या बाजूला एक दांडा आहे. ड्रॉइंगमध्ये त्याचं नाव लिव्हर. पहिल्या वाक्यात मी लिव्हर लिहिलं. दुसऱ्या वाक्यात पुन्हा लिव्हर लिहायला हात धजेना. सरांचा चेहरा समोर आला. तिथे 'हँडल' केलं. तिसऱ्या वाक्यात 'आर्म'. लिव्हर खाली ओढा, हँडल तसंच धरून रोल बसवा, मग आर्म हळूहळू सोडा. हे सगळं अर्थात इंग्रजीत, आणि 'ओढा'लासुद्धा साधा शब्द ठेवला नव्हता. मालकांनी मॅन्युअल चाळलं आणि म्हणाले, 'वा! फॉरेनचं वाटतंय.' आमच्या कंपनीत यापलीकडे स्तुती नव्हती.

पहिलं मशीन सांगलीकडच्या एका हळद-मसालेवाल्यांकडे गेलं. थोड्याच दिवसांत फोन आला आणि डिस्पॅचवाल्यानं तो माझ्याकडे दिला.

'साहेब, मशीन पोचलं. बेस्ट आहे. पण दोन पार्ट शॉर्ट आलेत की.'

'कुठले?'

'लिव्हर आलंय. हँडल नाही, आर्म नाही.'

'अहो, ते तिन्ही एकच आहेत.'

पलीकडे जरा शांतता. 'एकच असंल तर तीनदा का लिहिलंय? बिलात तीनदा धरलंय काय?'

'नाही हो. वस्तू एक, नावं तीन.'

'मग चलनावर कुठल्या नावानं पाठवलंय?'

चलनावर 'असेंब्ली, लेफ्ट' एवढंच होतं. म्हणजे चौथं नाव. मी भाषेच्या सौंदर्याबद्दल काहीतरी बोलायला लागलो, तेव्हा त्यांनी फोन ठेवला आणि शेवटच्या दहा टक्क्यांचं पेमेंटही ठेवलं. अकाउंट्सवाले रोज माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहू लागले. शेवटी डिस्पॅचनं मला न विचारता दोन जादा लिव्हर पॅक करून पाठवले, वाद नको म्हणून. पेमेंट आलं. नंतर सर्व्हिसला गेलेल्या पोरानं फोटो काढून आणला. जादा दांडे कुठे बसतात ते कळेना, तेव्हा त्यांच्या मिस्त्रीनं एक सरळ गार्डला वेल्ड केला होता आणि दुसरा ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून लागला होता. तो फोटो कॅन्टीनच्या फळ्यावर बराच काळ होता.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होते. सगळे त्यांना काका म्हणत. माझी दशा बघून काकांनी घरून एक जाडजूड पुस्तक आणून दिलं, जुन्या बाजारात घेतलेलं. हेन्री वॉटसन फाउलर नावाच्या गृहस्थाचा इंग्रजीच्या वापराचा कोश, मूळ 1926 सालचा. 'वाच,' म्हणाले, 'तुझा रोग त्यात आहे.' होता. नावासकट होता. एकाच गोष्टीला निव्वळ शोभेपायी दर वाक्यात नवं नाव द्यायचं या खोडीला फाउलरनं 'एलिगंट व्हेरिएशन' म्हटलं होतं, आणि तेही आधीच, 1906 साली धाकट्या भावाबरोबर लिहिलेल्या 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात. त्याचं दुखणं सरळ आहे. नाव बदललं की वाचणाऱ्याला वाटतं, वस्तू बदलली. लग्नात नवरदेवानं तीनदा कपडे बदलले की मागच्या रांगेतले पाहुणे आहेर कुणाच्या हातात द्यायचा म्हणून उभेच राहतात, तसं. माझी गाय आठवली. तो शेजारच्या बाकावरचा पोरगा फाउलरच्या तोडीचा टीकाकार होता आणि मी त्याची कीव केली होती.

फाउलर मला आवडला तो मात्र वेगळ्याच कारणानं. पहिल्या महायुद्धात हे गृहस्थ 57 वर्षांचे असताना 44 सांगून सैन्यात भरती झाले. शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस आकड्यांत असा सैल सापडला याचं मला फार बरं वाटलं.

फाउलर बंधूंचा आणखी एक हट्ट आहे: परकी, भरजरी शब्दापेक्षा घरचा आखूड शब्द बरा. 'कमेन्स'पेक्षा 'बिगिन'. हे वाचून मी अडखळलो. अहो, आम्हाला दोन्ही परकेच. भोसरीत बसून कुठला शब्द इंग्रजांच्या घरचा आणि कुठला पाहुणा हे कसं ओळखायचं? मग इतिहासात शिरलो. कामातून अंग काढायचा हा माझा जुना मार्ग आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच बोलू लागले, शेतात इंग्रजीच राहिली. म्हणून 'बिगिन' शेतातला, 'कमेन्स' दरबारातला आणि 'इनिशिएट' लॅटिनच्या पोथीतला. कोर्टातला फ्रेंचचा कारभार लोकांना कळेना, तेव्हा 1362 साली कायदा झाला की युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. मंत्रालयात कधी खेटे घातलेला माणूस या ठिकाणी हसणार नाही, नुसती मान डोलावेल.

आणि मग वकिलांनी दोन्हीकडून धोका नको म्हणून एक शब्द घरचा, एक फ्रेंच, असे जोडीनं वापरायला घेतले. 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स'. यावर हसणार होतो, तेवढ्यात काकांनी विचारलं, 'आणि आपलं कागदपत्र रे? बाजारहाट? धनदौलत?' कागद फारसीकडून, पत्र संस्कृतातलं. बाजार तिकडचा, हाट इकडची. आपले कारकून काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आणि ज्याला मी घरचा आखूड शब्द समजत होतो तो 'सुरू' अरबीतून आलेला निघाला. म्हणजे 'प्रारंभ' टाळून 'सुरू' लिहिणारा मराठी माणूस फाउलरचा नियम पाळतो की मोडतो, हा प्रश्न मी काकांवर सोडला आणि काकांनी तो दुपारच्या चहावर सोडला.

दुसऱ्या मॅन्युअलच्या वेळी मी शहाणा झालो होतो. लिव्हरला लिव्हर, फिल्मला फिल्म. नामं सगळी ताब्यात आणली. क्रियापदांकडे कुणाचं लक्ष होतं? एअर लाइनवर एक फिल्टर असतो. तो दर आठवड्याला काढून साफ करायचा आणि परत बसवायचा. मी लिहिलं, 'क्लीन अँड रिप्लेस द एअर फिल्टर एव्हरी वीक.' साधं, आखूड, फाउलरला दाखवावं असं.

नाशिककडच्या एका गिऱ्हाइकानं ते वाचलं आणि 'रिप्लेस' म्हणजे नवा टाकणे असं धरून दर आठवड्याला नव्या फिल्टरची ऑर्डर द्यायला सुरुवात केली. जुना तो आधी साफ करायचा आणि मग फेकायचा, कारण मॅन्युअलमध्ये दोन्ही लिहिलं होतं. आमचा स्पेअर्सचा सेल चढला. मार्केटिंगवाले माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, आणखी चार ठिकाणी असंच काहीतरी लिहा. त्याच मॅन्युअलात पुढे कटरच्या पात्याबद्दल 'रिमूव्ह अँड रिप्लेस' होतं, तिथे मला नवं पातं अभिप्रेत होतं. तिथे त्याच गिऱ्हाइकानं बोथट पातं काढलं, पुसलं आणि तेच परत बसवलं. मग पाऊच नीट कापत नाहीत म्हणून तक्रार केली. मी जाऊन बघितलं. पातं इतकं चकचकीत पुसलेलं होतं की त्यात माझं तोंड दिसलं.

'रिप्लेस'चे दोन्ही अर्थ कोशात शेजारी शेजारी आहेत: परत ठेवणे आणि बदलून दुसरा आणणे. गिऱ्हाइकानं दोन्ही वेळा इंग्रजी बरोबर वाचलं. फक्त दोन्ही वेळा मला नको तो अर्थ त्याच्या वाट्याला आला.

हा जाच विमानवाल्यांनी फार आधी सोसला होता, हे पुढे कळलं. विमानाची देखभाल करणारे मेकॅनिक जगभरचे, इंग्रजी बऱ्याच जणांची दुय्यम, आणि मॅन्युअल इंग्रजीत. तेव्हा 1970च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या विमान कंपन्यांनी उत्पादकांना गळ घातली की जरा कळेल असं लिहा, आणि 1986 साली एक मोजकीमापकी इंग्रजी तयार होऊन नियमांचं पुस्तक निघालं. तिचं आजचं नाव 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश'. शब्दकोशात साधारण नऊशे मान्य शब्द. शब्दाला शक्यतो एकच अर्थ, अर्थाला एकच शब्द. कृतीच्या वाक्यात वीसपेक्षा जास्त शब्द नाहीत. 'फॉलो'चा अर्थ फक्त मागून येणे. सूचना पाळायच्या तर 'ओबे'. 'अबाउट' म्हणजे फक्त एखाद्या गोष्टीविषयी. अंदाजे म्हणायचं तर 'अप्रॉक्सिमेटली', लांब असला तरी. 'क्लोज' म्हणजे बंद करणे. जवळ असेल तर 'निअर'. 'रिप्लेस' म्हणजे जुना काढून नवा टाकणे, संपलं. या इंग्रजीचे मास्तर एक वाक्य हटकून सांगतात: 'टर्न ऑफ द इंजिन्स नॉट रिक्वायर्ड.' गरज नसलेली इंजिनं बंद करा, की इंजिनं बंद करायची गरज नाही? खाली उभे असताना हा विनोद आहे.

मी ते नियम वाचले आणि माझ्या अंगात आलं. नव्यानं माळ घातलेला माणूस कांद्याकडे ज्या नजरेनं बघतो तीच नजर मी समानार्थी शब्दांवर लावली. जुनी मॅन्युअलं काढून लाल पेनानं रक्तबंबाळ केली. 'द मशीन मे स्टार्ट' असं एका इशाऱ्यात होतं. 'मे' म्हणजे मशीन अचानक सुरू होण्याचा संभव आहे, की मशीनला सुरू व्हायची परवानगी आहे? तिथे 'कॅन' केलं. 'शॅल' दिसेल तिथे 'मस्ट' केलं. आमच्या सल्लागार वकिलांनी कपाळाला हात लावला, कारण त्यांचा अर्धा धंदाच या दोन शब्दांवर चालतो. आपल्या सुप्रीम कोर्टानं तर प्रसंग बघून 'मे'चा अर्थ 'शॅल' असा लावलेला आहे. मी त्यांना अमेरिकेचा दाखला दिला. तिथल्या फेडरल कोर्टांनी 2007 साली दिवाणी नियम नव्यानं लिहिताना 'शॅल'ला रजा दिली. 'मग अमेरिकेत मशिनं विका,' वकील म्हणाले.

या धुंदीत मी नको तिथेही वेळ घालवला. 'लेस' की 'फ्युअर' यावर मी एक अख्खी दुपार बसलो होतो. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्युअर' म्हणा, असं लोक ठासून सांगतात. विलायतेत टेस्को दुकानांनी 2008 साली 'दहा किंवा कमी वस्तू'च्या पाट्यांवरचा हा वाद मिटवायला 'दहापर्यंत वस्तू' अशा नव्या पाट्या आणल्या. वाद छान आहे. पण 'लेस' वाचून कुणी कमी-जास्त वस्तू नेल्याचं ऐकिवात नाही. 'रिप्लेस'नं मात्र फिल्टरचे खोकेच्या खोके नाशिकला नेले. माझ्या मते शब्दांचे दोन वर्ग आहेत: ज्यांच्यावरून विद्वान भांडतात ते, आणि ज्यांच्यावरून ट्रान्सपोर्टचं बिल येतं ते. मी पगार दुसऱ्या वर्गाचा घेत होतो आणि राबत होतो पहिल्यासाठी.

घरी हे पसरणं अटळ होतं. एका रविवारी हिनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, 'अहो, दार लावा, टीव्ही लावा आणि जरा कुकर लावा.' मी वही घेऊन उभा राहिलो. दार लावणे म्हणजे बंद करणे. टीव्ही लावणे म्हणजे चालू करणे. एकच क्रियापद, एकाच वाक्यात, एकमेकांच्या थेट विरुद्ध! विमानात असं लिहिलं तर? मी यादीच काढली. दिवा लावणे, झाड लावणे, चष्मा लावणे, वेळ लावणे, नाव लावणे, चुना लावणे, लळा लावणे, वाट लावणे. जेवणाच्या टेबलावर मी जाहीर केलं की यापुढे या घरात 'लावणे' फक्त रोपांसाठी. बाकी सगळ्याला स्वतंत्र शब्द.

'मग कुकरला काय म्हणायचं?'

'गॅसवर ठेवणे.'

'त्यात डाळ-तांदूळ कोण घालणार? पाणी? झाकण? शिट्टी? तुमच्या गॅसवर ठेवण्यात काय काय येतं ते एकदा लिहून द्या.'

वीस शब्दांत ते बसेना. 'कुकर लावा' या दोन शब्दांत आमच्या घरातली संपूर्ण कार्यपद्धती मापासकट होती. मुलीनं मग परवाचं काढलं. 'बाबा, परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा?' तिला नुसती गंमत करायची होती, पण मी रात्रभर तळमळलो. तसं बघितलं तर आपलं 'परवा'मुळे कधी काही अडत नाही. 'परवा आलो' आणि 'परवा येतो', क्रियापद निस्तरून घेतं; नाहीच कळलं तर समोरचा विचारतो, 'कुठल्या परवा?' मॅन्युअलला कुणी विचारू शकत नाही. लिहिणारा भोसरीत, वाचणारा सांगलीत, आणि मध्ये मशीन चालू. एवढा साधा फरक माझ्या तेव्हा डोक्यात उतरायला हवा होता. त्याऐवजी मी फ्रिजवर मान्य क्रियापदांची यादी चिकटवली. हिनं ती चुंबकासकट काढली.

मग सोसायटीनं बोलावलं. आमच्याकडे वरच्या मजल्यांवर भाडेकरू सगळ्या प्रांतांतले, त्यामुळे नोटिसा इंग्रजीत. सेक्रेटरी म्हणाले, 'तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणे.' मी लगेच रुकार दिला. पाण्याच्या टाकीची सफाई दर पंधरा दिवसांनी व्हायची होती. आपल्याकडे सरळ 'फोर्टनाइटली' म्हणतात. पण न्यू जर्सीहून परतलेलं एक कुटुंब होतं, तिकडे तो शब्द चालत नाही. त्यांच्या मुलाला फोर्टनाइट माहीत होतं, पण ते बंदुकीचा गेम म्हणून. सगळ्यांना कळावं म्हणून मी 'बायवीकली' लिहिलं. त्याचा अर्थ दोन आठवड्यांनी एकदा असाही होतो आणि आठवड्यातून दोनदा असाही. निम्म्या इमारतीनं आठवड्यातून दोनदा पिंपं भरून ठेवली, आणि एवढं पाणी एकदम उपसल्यामुळे टाकी सफाईशिवायच कोरडी पडली.

त्याच महिन्यात मीटिंगचा अजेंडा काढायचा होता. त्यात, पार्किंगचा विषय 'टेबल' करण्यात येईल, असं मी लिहिलं. आपल्याकडे विधिमंडळात कागद पटलावर ठेवतात, म्हणजे चर्चेला मांडतात, इंग्रजांचंही तसंच. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ विषय बाजूला सारणे. न्यू जर्सीवाल्यांनी वाचलं की पार्किंग पुढे ढकललं, आणि ते त्या रविवारी लोणावळ्याला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या दुसऱ्या गाडीची जागा ठरावानं गेली होती. ते माझ्या दारात उभे राहिले. मी त्यांना चर्चिलचा किस्सा सांगितला: दुसऱ्या महायुद्धात याच एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन सेनानी एका बैठकीत बराच वेळ कडाकडा भांडले आणि मग कळलं की दोघांनाही तेच हवं होतं, खुद्द चर्चिलनं युद्धाच्या इतिहासात हे नमूद केलंय. शेजारी शांतपणे म्हणाले, 'चर्चिलची गाडी कुठे लावत होते?' हा 'लावणे'चा आणखी एक अर्थ माझ्या यादीत राहून गेला होता. पुढच्या महिन्यापासून नोटिसा सेक्रेटरींचा भाचा लिहू लागला. त्याचं इंग्रजी यथातथाच आहे. सगळ्यांना कळतं.

कंपनीत मात्र माझं तिसरं मॅन्युअल तयार झालं, आणि ते निर्दोष होतं हे मी आजही सांगेन. दांड्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लिव्हर. 'रिप्लेस' फक्त नव्यासाठी. वाक्य वीस शब्दांच्या आत. सांगलीच्या मसालेवाल्यांनी दुसरं मशीन घेतलं होतं आणि त्याच्याबरोबर ते पहिल्यांदा बाहेर पडलं. मालक म्हणाले, 'हे जरा शाळेतल्या पोरानं लिहिल्यासारखं वाटतंय.' मी सुखावलो. ते वापरात कसं आहे हे डोळ्यांनी बघावं म्हणून मी स्वतः सांगलीला गेलो.

मॅन्युअल ऑफिसात होतं. कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं. 'खराब होऊ नये म्हणून,' मसालेवाले म्हणाले. 'मागच्या वेळेला तुमच्यात नि आमच्यात घोळ झालेला, म्हणून आता वाचतच नाही.' शेडमध्ये गेलो. हळदीचा धुरळा असा की श्वासालासुद्धा चव येत होती. नवं मशीन भिंतीकडे, जुनं दाराशी. जुन्याच्या गार्डला वेल्ड केलेला माझा दांडा अजून होता. त्यावर ऑपरेटर बाईंची पर्स आणि डब्याची पिशवी लटकत होती. हळदीच्या हातांनी पुसून पुसून पॅनेलवरचे इंग्रजी स्टिकर केव्हाच गेले होते आणि त्या जागी मिस्त्रींनी पांढऱ्या खडूनं मराठीत लिहून ठेवलं होतं. चालू. गरम. वजन. बंद. चार शब्द, सगळे दोन-तीन अक्षरांचे, एकही समानार्थी नाही. मी भारावून त्यांचे फोटो काढले. पुढच्या मॅन्युअलात हेच घालायचं, असं मनाशी म्हणत होतो.

तेवढ्यात फिल्म रोलवरून सरकली. पाऊच बनेनात आणि वरून मोजून मोजून पडणारी हळद थेट खाली यायला लागली. ऑपरेटर बाई दुसऱ्या टोकाला बॉक्स भरत होत्या. मिस्त्री दारात तंबाखू मळत होते. मशीनपाशी मी एकटाच, आणि या मशीनबद्दल माझ्याइतकं लिहिलेला माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही. मी धावलो, 'बंद' लिहिलेलं बटण शोधलं आणि दाबलं. हळद चालूच. पुन्हा दाबलं, जोरात. मग दोन्ही अंगठ्यांनी. बटणात काय अडकलंय ते बघायला वाकलो, तर डोकं बरोबर नळीच्या खाली गेलं. डोळे, कान, शर्टाची कॉलर, खिशातला लाल पेन. मिस्त्री आले, पलीकडचं लाल गोल इमर्जन्सीचं बटण तळहातानं ठोकलं, मशीन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

'मिस्त्री,' मी डोळे पुसत म्हणालो, 'हे बंदचं बटण दाबलं मी. तीनदा.'

'साहेब, ते बटण बंद हाय. लिवलंय की वर.'